भाकीत आणि मदतीचा हात

मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला इस्पितळात दाखल केले की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो. रोग कोणता, तो कशाने झाला, औषधे कोणती चालू आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. "डॉक्टरसाहेब, माणूस वाचेल ना?" एवढेच विचारले जाते. कचेरीतील टेबल सांभाळून, कधी अर्धी रजा टाकून, वस्तीतील आजारी माणसांबरोबर इस्पितळात जाण्याचे काम आम्ही अनेक वर्षे करीत आहोत. हा प्रश्न किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. पूर्वी त्यावर उत्तर म्हणून काही डॉक्टर आभाळाकडे बोट दाखवीत. आता रक्ताचा रिपोर्ट नातेवाइकांच्या मोबाईलवर येऊन पडतो. जे आकडे मर्यादेबाहेर आहेत ते त्यात ठळक छापलेले असतात. ते पाहून, कोणाला तरी फोन लावून, लोक माणसाच्या जगण्या-मरण्याचा हिशेब बसल्या जागी मांडू लागले आहेत. या आकड्यांचा अर्थ काय आणि त्यांच्यावर किती भार टाकावा, हे समाजबांधवांनी समजून घेतले पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी रोगाविषयी. आपण ज्याला ब्रेन हॅमरेज म्हणतो त्यात मेंदूतील रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूच्या आत साचते. वर्षानुवर्षे ब्लडप्रेशर वाढलेले राहिले की मेंदूच्या आतल्या भागातील अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात आणि एके दिवशी त्यांपैकी एखादी फुटते. कवटी हाडाची आहे, ती फुगत नाही. त्यामुळे साचलेले रक्त मेंदूलाच दाबते. पहिल्या काही तासांत रक्ताची ही गाठ आणखी वाढण्याची भीती असते. लकव्याचे बहुतेक झटके गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे येतात. हॅमरेजचे प्रमाण त्यापेक्षा कमी, पण त्यात मृत्यू अधिक. वरून पाहून दोहोंतील फरक खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सीटी स्कॅन करावाच लागतो.

आता प्रश्न असा, की मेंदूत घडलेल्या गोष्टीची बातमी हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात कशी मिळते? ती दोन वाटांनी मिळते. पहिली वाट म्हणजे मेंदूच्या पेशी मोडल्यावर त्यांच्यातील प्रथिने रक्तात उतरतात. एस-१००-बी आणि जीएफएपी ही प्रथिने मेंदूतील आधार देणाऱ्या पेशींतून येतात. एनएसई नावाचे प्रथिन चेतापेशींतून येते. एस-१०० हे १९६५ साली मूर नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळे काढले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून त्याच्या नावात शंभर आला. ही प्रथिने रक्तात जितकी जास्त, तितकी मेंदूची मोडतोड मोठी, असा साधारण अनुभव आहे.

दुसरी वाट म्हणजे या आघाताला शरीराने दिलेला प्रतिसाद. मेंदूवर संकट आले की शरीर तणावाची संप्रेरके सोडते. त्याने रक्तातील साखर वाढते, पूर्वी मधुमेह नसला तरीही. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. यकृत सीआरपी नावाचे प्रथिन अधिक बनवू लागते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट व फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले होते. म्हणजे सीआरपी ही काही मेंदूचीच खूण नव्हे. शरीरात कोठेही दाह असला तरी ती वाढते.

यांपैकी न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तराचा अलीकडे फार बोलबाला आहे, कारण त्याला वेगळा खर्च नाही. साध्या सीबीसीच्या कागदावर दोन्ही टक्केवाऱ्या असतात. एका आकड्याला दुसऱ्याने भागले की झाले. निरोगी माणसात हे उत्तर साधारण एक ते तीनच्या आसपास येते. हॅमरेजच्या रुग्णांत ते जितके चढे, तितके मृत्यूचे व अपंगत्वाचे प्रमाण जास्त, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. दाखल होतानाची चढी साखर, रक्तातील कमी अल्ब्युमिन, वाढलेले कोपेप्टिन यांच्याविषयीही असेच निष्कर्ष निघाले आहेत. एवढी माहिती खरी आहे. अडचण सुरू होते ती पुढे, ही माहिती एका माणसावर लावताना.

मागच्या वर्षावासाच्या दिवसांतील गोष्ट सांगतो. विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालू होते. वाचनाला नित्यनेमाने येणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या एक मावशी एके दिवशी पहाटे चुलीपुढे कोसळल्या. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, बोलणे बंद. ब्लडप्रेशरची गोळी चार महिन्यांपासून सोडलेली होती. "काही दुखतच नाही, मग गोळी कशाला?" असे त्या मुलीला म्हणत. थोरला मुलगा रिक्षा चालवतो, धाकटा कंत्राटी कामगार, मुलगी अंगणवाडी सेविका. सरकारी इस्पितळात सीटी झाला, डाव्या बाजूला खोलवर रक्त साचलेले दिसले. दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. साखर २३८. न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ८ टक्के. म्हणजे गुणोत्तर पावणेअकरा. सीआरपीही वाढलेला.

नात्यातील एक तरुण लॅबमध्ये काम करतो. त्याने रिपोर्ट मोबाईलवर पाहिला आणि फोनवरूनच सांगितले, "हा रेशो एवढा चढला म्हणजे संपलं. पैसे घालवू नका." तोवर सुनेच्या माहेरचे कोणी एका ज्योतिषाला विचारून आले. त्याने सांगितले, बाई शुक्रवार ओलांडत नाहीत. धम्मदीक्षेला सत्तर वर्षे होत आली, तरी आपल्या घराच्या मागच्या दाराने ही मंडळी आत येतातच! एकाने मोबाईलमधून, दुसऱ्याने पंचांगातून, दोघांनी मिळून मावशींचा निकाल लावून टाकला होता. थोरला आम्हास म्हणाला, "भाऊ, घरी नेतो आईला. निदान आपल्या घरात तरी जाईल." मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, मी हाक मारली तर ती बोट हलवते. मी कशी सही करू?"

सही म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेण्याच्या कागदावरची. गरिबांच्या घरात जगण्या-मरण्याचा निर्णय याच कागदावर होतो, हे ज्यांनी इस्पितळाच्या ओसरीत रात्री काढल्या त्यांना ठाऊक आहे.

आम्ही दोन्ही भावांना घेऊन निवासी डॉक्टरांकडे गेलो. वयाने लहान मुलगी, पण तिने पंधरा मिनिटे उभे राहून समजावून सांगितले. ती म्हणाली, रुग्णाची गंभीरता मोजण्यासाठी एक गुणांकन आहे. हेम्फिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००१ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णांवरून तयार केले. त्यात पाच गोष्टी पाहतात. एक, रुग्णाची शुद्ध. ही ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. १९७४ साली टीझडेल आणि जेनेट यांनी बनवलेल्या या मापात पूर्ण शुद्धीला १५ आणि सर्वांत वाईट अवस्थेला ३ गुण असतात. दोन, साचलेले रक्त ३० मिलिलिटर किंवा अधिक आहे काय. तीन, रक्त मेंदूतील पोकळ्यांत उतरले काय. चार, रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे लहान मेंदू किंवा मेंदूच्या देठात आहे काय. पाच, वय ८० किंवा त्याहून जास्त आहे काय. मावशींची शुद्ध ९ होती, त्याचा एक गुण. रक्त ३४ मिलिलिटर, त्याचा एक. पोकळीत रक्त उतरलेले, त्याचा एक. एकूण तीन.

वाचकहो, या यादीकडे नीट पाहा. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या या गुणांकनात रक्ताच्या नळीतील एकही आकडा नाही. ज्या गुणोत्तरावरून फोनवर निकाल लागला होता, त्याला येथे जागाच नाही. शुद्ध, स्कॅन आणि वय यांनी जे सांगितले त्यात रक्ताचे आकडे थोडी भर घालू शकतात, यावर संशोधन चालू आहे. परंतु त्यांच्यावरून एकट्याने निर्णय घ्यावा असे ते अजून झालेले नाहीत. जीएफएपीसारखी प्रथिने मोजणाऱ्या एका रक्ततपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. ती डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला सीटीची गरज आहे की नाही हे ठरवण्यासाठी होती. कोण जगेल हे सांगण्यासाठी नव्हती. एनएसईची गंमत तर वेगळीच आहे. ते तांबड्या पेशींतही असते. रक्त काढताना किंवा नेताना नळीतील पेशी फुटल्या की आकडा खोटाच फुगतो.

तीन गुण म्हणजे काय, हे थोरल्याने विचारले. डॉक्टरने लपवले नाही. त्या मूळ अभ्यासात तीन गुण असलेल्या शंभरांतील बहात्तर रुग्ण महिनाभरात दगावले होते. हे ऐकून धाकटा खालीच बसला.

आम्ही बी.कॉम. झालेलो आणि आयुष्य आकड्यांच्या रकान्यांत गेलेले. टक्केवारी पुढे आली की ती किती जणांवरून काढली, हे विचारण्याची आमची सवय आहे. तो अभ्यास एकूण १५२ रुग्णांचा होता. शून्य गुण असलेले सर्वच्या सर्व २६ रुग्ण जगले. पाच गुण असलेले सर्वच्या सर्व दगावले, म्हणजे शंभर टक्के. पण ते सर्व म्हणजे किती? फक्त सहा! शंभर टक्के या शब्दांनी छातीत धडकी भरते, आणि मागे उभी असतात सहा माणसे. एक, दोन, तीन आणि चार गुणांना मृत्यूचे प्रमाण १३, २६, ७२ आणि ९७ टक्के आले. पुढे इतर शहरांत, इतर देशांत हे गुणांकन तपासले गेले. गुण वाढले की धोका वाढतो हे बहुतेक ठिकाणी खरे ठरले, पण टक्केवारी सगळीकडे तीच आली नाही.

विम्याच्या धंद्यातील मृत्युदराचे कोष्टक पाहिलेल्यांना ही गोष्ट लवकर उमजेल. अमुक वयाच्या एक लाख माणसांत वर्षभरात किती जण जातील, याचा अंदाज ते कोष्टक बऱ्यापैकी देते. त्यावर हप्ता ठरतो. पण त्या लाखांत कोण जाईल, हे जगातील कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही. बहात्तर टक्के हा आकडा शंभर जणांच्या गटाविषयी बोलतो. मावशी त्या बहात्तरांत आहेत की अठ्ठावीसांत, याविषयी तो गप्प आहे.

येथे कोणी म्हणेल, मग ज्योतिषी आणि डॉक्टर यांत फरक काय राहिला? फरक फार मोठा आहे. ज्योतिषी आपला हिशेब दाखवीत नाही. चुकला तर ग्रहाचा दोष, नाहीतर विधी नीट न केल्याचा दोष. विज्ञान सांगते, एवढे रुग्ण पाहिले, एवढे गेले, एवढे राहिले, तुम्हीही मोजून पाहा. खोटे ठरण्याची तयारी ठेवूनच ते बोलते. भविष्यकथनावर पोट भरणे ही हीन विद्या आहे असे मानून तथागतांनी भिक्खूंना त्यापासून दूर ठेवले. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात त्यांनी कालामांना सांगितले, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश पंचांगाला जसा लागू आहे तसा लॅबच्या छापील कागदालाही लागू आहे. छापले म्हणून आकडा खरा, हेही परंपरेसारखेच अंधपण आहे.

परंतु आम्हास सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट यापुढची आहे. २००१ सालीच 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील बेकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅमरेजच्या रुग्णाचे पुढे काय होते हे ठरवणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला किती उपचार दिले गेले, असे त्यांना आढळले. ज्यांचे काही खरे नाही असे वाटले त्यांचे उपचार काढून घेतले गेले. ते अर्थातच दगावले. मग त्यांच्या मृत्यूची नोंद झाली आणि त्या नोंदींवरून पुढच्या रुग्णांसाठी भाकिताची कोष्टके बनली. पुढच्या रुग्णाला तेच कोष्टक दाखवून पुन्हा हात काढून घ्यायचा! स्वतःलाच खरे करणारे भाकीत असे याला म्हणतात.

बंधू-भगिनींनो, हे वाचताना आपल्याला काही आठवते का? आपल्या पूर्वजांविषयी असेच एक भाकीत केले गेले होते. यांना विद्या येणार नाही, यांच्या मुलांच्या डोक्यात अक्षर शिरणार नाही. भाकीत करून शाळेचे दार बंद केले, पाणवठा बंद केला. मग पिढ्यान् पिढ्या निरक्षर राहिल्या, तेव्हा बोट दाखवून म्हटले, पाहा, आम्ही सांगितलेच होते! बाबासाहेबांनी या भाकिताशी नुसता वाद घातला नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्याविषयी भाकीत केले होते त्यांच्या हाती आधी पुस्तक दिले, आणि भाकीत कोसळले. आमच्यासारखे हजारो कारकून, शिक्षक, परिचारिका, डॉक्टर हे त्या कोसळलेल्या भाकिताचे पुरावे आहेत. मदत काढून घेऊन जे भाकीत खरे ठरते ते भाकीत नसतेच, तो निर्णय असतो. इस्पितळाच्या ओसरीत हे आपल्या लोकांनी तरी विसरू नये.

वैद्यकशास्त्राने या अभ्यासापासून धडा घेतला, हे त्याचे मोठेपण. अमेरिकेच्या हृदय व पक्षाघात संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की अशी गुणांकने नातेवाइकांशी बोलण्यासाठी वापरावीत, पण केवळ त्यांच्या आधारे एका रुग्णाचे भवितव्य ठरवू नये आणि उपचार मर्यादित करू नयेत. ज्यांनी आधीपासून तशी इच्छा नोंदवलेली नाही, त्यांच्याबाबत उपचार थांबवण्याचा निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत तरी पुढे ढकलावा, असाही सल्ला त्यात आहे. आमच्या त्या निवासी डॉक्टरनेही हेच सांगितले. "दोन दिवस मला द्या," ती म्हणाली, "मग आपण पुन्हा बोलू."

आणि त्या दोन दिवसांत काय करायचे असते, हेही समजून घेण्यासारखे आहे. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये इंटरॲक्ट-३ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा देशांतील १२१ इस्पितळे आणि सात हजारांहून अधिक रुग्ण. या देशांत चीन, ब्राझील, नायजेरिया, पाकिस्तान, श्रीलंका यांच्याबरोबर भारतही होता. म्हणजे अभ्यास मुख्यतः आपल्यासारख्या देशांतला. त्यात नवे महागडे औषध नव्हते. वरचे ब्लडप्रेशर लवकरात लवकर १४० च्या खाली आणणे, वाढलेली साखर आटोक्यात ठेवणे, ताप उतरवणे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम उलटवणे, या चार गोष्टी एकत्र, नेमाने, वेळेवर केल्या. ज्यांना हे उपचार मिळाले त्यांच्यात मृत्यू कमी झाले आणि पुढे आपल्या पायावर उभे राहणारे जास्त निघाले.

यात रक्ताच्या रिपोर्टाचे खरे मोल कळते. रिपोर्टातील आकड्यांचे दोन प्रकार करावेत. काही आकड्यांवर उपाय आहे. साखर वाढली तर इन्सुलिन आहे. आयएनआर वाढला, म्हणजे रक्त गोठत नसेल, तर त्यावर औषध आहे. सोडियम, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांच्याकडे पाहून डॉक्टर उपचार बदलतात. दुसरे आकडे नुसती बातमी देतात. गुणोत्तर पावणेअकरा आहे म्हणून ते खाली आणण्याची गोळी नाही. आपली माणसे बातमी देणाऱ्या आकड्याने घाबरतात आणि ज्या आकड्यावर उपाय आहे त्याची चौकशी करीत नाहीत. मावशींच्या कागदावर २३८ हा आकडाही होता. तो मात्र फोनवरच्या त्या तरुणाने उच्चारलाही नव्हता.

थोरल्याने सही केली नाही. साखर आणि ब्लडप्रेशर आटोक्यात आले. तिसऱ्या दिवशी मुलीच्या आवाजावर मावशींनी डोळे उघडले. शुक्रवारही गेला. पाचव्या आठवड्यात त्या घरी आल्या. पण खोटा दिलासा आम्ही देणार नाही. उजवा हात आजही उचलत नाही. बोलणे दोन-तीन शब्दांचे आहे, आणि हवा तो शब्द सापडला नाही की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. मुलीला तीन महिने कामावर जाता आले नाही, तेवढे मानधन बुडाले. धाकट्याच्या डोक्यावर उसनवारी आहे. महिला मंडळाच्या भगिनी पाळीपाळीने त्यांना आंघोळ घालण्यास जातात. वाचणे म्हणजे हे सर्व. जो कोणी उपचार चालू ठेवण्याचा सल्ला देतो, त्याने या पाळीत आपलेही नाव लिहावे.

याउलट त्याच वर्षी वस्तीतील एक रंगारी काम करणारा चव्वेचाळीस वर्षांचा भाऊ दाखल झाला. गाठ लहान, एकच गुण, रक्ताचे आकडे जवळजवळ सरळ. सगळे निर्धास्त होते. अकराव्या दिवशी न्यूमोनियाने तो गेला. एका गुणाच्या शंभरांत तेरा जातात, त्या तेरांतला तो निघाला. त्याच्या बायकोला चांगल्या रिपोर्टाचा काय उपयोग सांगावा?

म्हणून आमचे म्हणणे असेही नाही, की व्हेंटिलेटर कितीही दिवस चालू ठेवावा आणि घर विकून टाकावे. किसा गौतमी मेलेले लेकरू घेऊन औषध मागत फिरली, तेव्हा जेथे कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास तथागतांनी तिला सांगितले. दारोदार फिरून तिला मरणाचे सत्य आपले आपण कळले. एक वेळ अशी येते की पुन्हा पुन्हा तपासून, स्कॅन पाहून, दिवस देऊनही मेंदूत काही उरलेले नसते. तेव्हा डॉक्टर तसे स्पष्ट सांगत असतील, आणि त्या माणसाची स्वतःची इच्छा काय असती याचा विचार करून घरच्यांनी थांबायचे ठरवले, तर त्यात अपराध नाही. फरक एवढाच, की ते थांबणे डोळे उघडे ठेवून असावे. पहिल्या दुपारी, मोबाईलवरील एका ठळक आकड्याने घाबरून घेतलेला निर्णय पुढे आयुष्यभर उशाशी बसतो.

आपल्या माणसावर ही वेळ आली तर डॉक्टरांना नम्रपणे, पण नेमके प्रश्न विचारावेत. यातील कोणत्या आकड्यावर आज उपाय चालू आहे? कालच्या आणि आजच्या स्थितीत काय फरक आहे? हे प्रमाण कोणत्या रुग्णांवरून काढले? जी महागडी तपासणी बाहेरून करण्यास सांगितली आहे तिच्या उत्तराने उपचार बदलणार आहेत काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ते पैसे औषधाला आणि सोबत बसणाऱ्याच्या जेवणाला ठेवावेत. पैशाची अडचण असेल तर त्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तो आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत तयार असावा. आजारी माणूस स्ट्रेचरवर असताना तहसील कचेरीत रांग लावणे फार जड जाते, हे आम्ही पाहिले आहे.

आणि यापेक्षा स्वस्त गोष्ट म्हणजे रक्तवाहिनी फुटूच न देणे. ब्लडप्रेशर दुखत नाही, म्हणूनच ते मोजावे लागते. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. गोळीमुळेच बरे असते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटातील पापड, लोणचे, सुके बोंबील, फरसाण यांचा हिशेब गृहिणींनी मांडून पाहावा. पंचशीलातील पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. दारूने ब्लडप्रेशर चढते आणि हॅमरेजचा धोका वाढतो, हे ध्यानात ठेवून ते पाळले तर शीलही राहील आणि माणूसही राहील.

आमच्या विहारात गेल्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करून ब्लडप्रेशर मोजण्याचे यंत्र घेतले. महिन्यातून दोन रविवारी, वंदना झाल्यावर, शिकलेली मुले सर्वांचे प्रेशर मोजून वहीत लिहितात. ज्याचा आकडा दोनदा चढा निघतो त्याच्या घरी कोणीतरी जाऊन गोळी चालू आहे का, हे विचारतो. त्या वहीतही आकडेच आहेत. पण आकडा चढा दिसला की आमची मुले त्या घराकडे चालू लागतात. प्रत्येक विहाराने अशी एक वही ठेवावी, ही नम्र विनंती.

जय भीम!